अल खोरच्या पुढचा मेक्सिको

“बाबा, पासपोर्ट?”

कतारमधल्या मेसईदहून निघाल्यापासून वेदांतचा हाच प्रश्न चालला होता. पासपोर्ट त्यानं दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. गाडी अल खोर मागे टाकून उत्तरेला लागली, तेव्हा गुरुप्रसादांनी एकदाचं उत्तर दिलं.

“लागत नाही रे. इथून रस्त्यानंच जातात मेक्सिकोला.”

चोवीस वर्षांच्या मुलाला बापानं मारलेली ही थाप पाचवीतल्या पोराच्याही गळी उतरली नसती. वेदांतनं मात्र निमूटपणे पासपोर्ट बॅगेत ठेवला आणि तो खिडकीबाहेर बघत बसला. तो स्वमग्न होता. एकदा सांगितलेली गोष्ट त्याच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ असे.

मेक्सिकोचं वेड त्याला एका व्हिडिओनं लावलं होतं. एक म्हातारं जोडपं थंडीच्या दिवसांत घरासारखी मोठी गाडी घेऊन किनाऱ्या-किनाऱ्यानं जातं. मेक्सिकोच्या एका खाडीत राखाडी व्हेल आपल्या पिल्लाला घेऊन होडीपाशी येते, आणि माणसं पाण्यात हात घालून तिचं डोकं खाजवतात. बस, एवढंच. वेदांत हे लहानपणापासून रोज बघत आला होता. “आपण पण जाऊ हं, बाबा रिटायर झाले की,” असं त्याची आई, सरोजिनी, पोळ्या लाटता लाटता म्हणायची. म्हणणारी दोन वर्षांपूर्वी कॅन्सरनं गेली आणि वचन तेवढं मागे राहिलं. ‘बघू’, ‘नंतर’, ‘इन्शाल्ला’ या शब्दांवर सगळं आखात चालतं, पण वेदांतच्या डोक्यात ते कधी शिरले नाहीत. जाऊ म्हणजे जाऊ.

मागच्या वर्षी गुरुप्रसाद स्वयंपाकघरात छाती धरून कोसळले. वेदांतनं त्यांच्या अंगावर पांघरूण घातलं, व्हिडिओचा आवाज बारीक केला आणि तो त्यांच्या उशाशी बसून राहिला. शेजारच्या शैलजावहिनी डबा परत द्यायला आल्या म्हणून निभावलं. “बाबा स्लीपिंग,” असं त्यानं त्यांना ओठांवर बोट ठेवून सांगितलं होतं.

तेव्हापासून गुरुप्रसादांच्या जिवाला घोर लागला होता. आपण गेलो तर हा असाच बसून राहणार, कुणी दार वाजवेपर्यंत. आणि कुणी वाजवलंच नाही तर? डॉक्टर म्हणाले, हृदय फार थकलंय, सांभाळा. सांभाळायचं कुणी आणि कुणाला?

शेवटी नाशिकजवळच्या एका संस्थेनं वेदांतला कायमचं ठेवून घ्यायचं कबूल केलं. पुढच्याच आठवड्यात त्याला पोहोचवायचं होतं. फी भरायची तर गुरुप्रसादांना प्लांटमधली नोकरी सोडून चालणार नव्हतं. संस्थेच्या शशिकलाताई फोनवर मऊ आवाजात म्हणाल्या, “पहिले सहा महिने भेटायला येऊ नका हं, दादा. फोनही नको. मुलं मग रुजत नाहीत.” बाईंचं काही चुकत नव्हतं. पण सहा महिने! तेवढी खात्री तर डॉक्टरसुद्धा देत नव्हते.

पाठवण्याआधी पोराचा एक हट्ट तरी पुरवावा, एवढंच त्यांच्या मनात होतं. मेक्सिकोचा लांबचा प्रवास त्यांना झेपण्यातला नव्हता. मग प्लांटमधल्या जियादनं तोड काढली. जियाद कतारी, मनानं दिलदार. थंडीत त्याची कॅराव्हॅन, व्हिडिओतल्यासारखी घरगाडी, उत्तरेच्या किनाऱ्यावर उभी असे. “गुरूभाई, समंदर तो समंदर है,” तो म्हणाला होता. “उधर व्हेल, इधर समंदर की गाय. लडके को क्या मालूम? यल्ला, ले आओ.”

किनाऱ्यावर पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला, तेव्हा जियादनं होडी काढली. पाणी उथळ होतं, तळाचं गवत दिसत होतं. बऱ्याच वेळानं त्यानं इंजिन बंद केलं आणि बोट दाखवलं. एक मातकट पाठ वर आली, फुस्स करून श्वास सुटला. समुद्रगाय होती, इंग्रजीतली डुगाँग, आणि तिच्या कुशीला चिकटून तिचं पिल्लू.

“व्हेल! बघ वेदू, व्हेल आली!” गुरुप्रसाद ओरडले. स्वतःच्या खोट्या आवाजाची त्यांनाच लाज वाटली.

वेदांत होडीच्या काठावर ओणवा झाला. बाही सारून त्यानं हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवला आणि खाजवल्यासारखी बोटं हलवू लागला.

“कम,” तो हळूच म्हणाला. “कम, कम.”

समुद्रगाय कुठली येतेय! ती जात मुलखाची लाजाळू. पिल्लाला घेऊन ती बुडाली, ती पार लांब जाऊन वर आली. मग तिथेही दिसेना. वेदांतचा हात मात्र पाण्यातच. ऊन चढलं, बोटं पांढरीफटक पडली. गुरुप्रसादांनी त्याला खांद्याला धरून मागे ओढलं, तशी त्यानं किंकाळी फोडली आणि स्वतःच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. होडी डुचमळली. तो बिथरला की सरोजिनी आवळायची तसं त्यांनी त्याला पाठीमागून घट्ट आवळून धरलं. त्यांच्या छातीत कळ उठली होती, ती त्यांनी दातांवर दात दाबून सोसली.

“खलास, जियाद! वापस चलो!”

कॅराव्हॅनपाशी आरामखुर्चीत बसून गुरुप्रसादांनी जिभेखाली गोळी ठेवली. वेदांत शेजारी वाळूत बसला. त्याच्या मनगटावर दातांच्या खुणा उमटल्या होत्या. जियादनं दोघांपुढे चहा ठेवला आणि तो होडी बांधायला गेला.

“वेदू,” गुरुप्रसाद म्हणाले, “हा मेक्सिको नाही रे. मी खोटं बोललो.”

“आय नो.”

“कधी कळलं?”

“अल खोर बोर्ड. धिस इज कतार. दॅट वॉज डुगाँग.”

“अरे, मग बोलला का नाहीस?”

“बाबा सेड मेक्सिको.”

गुरुप्रसादांना भडभडून आलं. या पोरानं आपली थाप पदरात घेतली होती, कारण ती बाबांची होती. एवढं झाल्यावर तरी माणसानं खरं बोलावं. पण खरं काय सांगायचं? तुला सोडून येणार आणि बहुतेक पुन्हा दिसणार नाही, हे?

“आपण आता नाशिकला जायचं,” ते म्हणाले. “तिथे तुला खोली आहे, मित्र आहेत. तू तिथेच राहायचंस. मी इकडे येईन कामावर. आणि सहा महिने झाले की तुला भेटायला येईन. नक्की येईन बघ.”

वेदांतला मराठी सगळं समजे, पण तो उत्तर देई ते इंग्रजीतच. आज मात्र समुद्रावरची नजर न काढता त्यानं आईच्या भाषेत विचारलं,

“मेक्सिकोसारखं?”

गुरुप्रसादांनी मान मागे टेकली आणि डोळे मिटून घेतले.

वेदांत उठून आत गेला, पांघरूण घेऊन आला आणि बापाच्या अंगावर गळ्यापर्यंत नीट पसरून पुन्हा शेजारी बसला. होडी बांधून जियाद परत आला, तेव्हा वेदांतनं ओठांवर बोट ठेवलं.

“बाबा स्लीपिंग.”

गुरुप्रसाद जागेच होते. त्यांनी डोळे उघडले नाहीत.