चेंबरमधलं नवं तेल

भंगारवाला गाडी उचलायला येणार होता, म्हणून मी तिचं ऑइल काढायला बसलो. गाडी माझ्या लेकाची. महिन्यापूर्वी तो त्याच गाडीत अपघातात गेला. पुढची बाजू पार चेपली होती, पण इंजिनखालचं चेंबर शाबूत होतं.

गॅरेजमधलं जुनं ऑइल मी कधी फेकत नाही. ड्रममध्ये निवळू द्यायचं, वरवरचं काढून फडक्यातून गाळायचं आणि थोडं थोडं डिझेलात मिसळून जनरेटरला पाजायचं. जनरेटर म्हातारा, खोकतो, पण पितो. शेजारचा वेल्डर मला कवडीचुंबक म्हणतो. घामसुद्धा गाळून जाळाल, म्हणतो. म्हणू दे.

नट सैल केला. काळं येईल म्हणून तोंड बाजूला घेतलं, तर मधासारखं पिवळं तेल आलं. अपघाताच्या आदल्या दिवशी मीच बदललं होतं. लांब जायचंय पोराला, म्हणून. साफ विसरलो होतो.

वेल्डर भिंतीवरून बघत होता. "दादा, हे तर कोरं दिसतंय! माझ्या टेम्पोत घालू का?"

"नको."

"मग तुमच्या गाडीत घाला."

"नको."

"अहो, मग करणार काय त्याचं?"

तेच तर मला कळत नव्हतं. लेक गेल्यापासून मला काही वाटतच नाही. रडू येत नाही. भूक लागते, झोप लागते, आणि माझी मलाच लाज वाटते. पण त्या काळ्या ड्रममध्ये हे ओतायला हात धजेना.

शेवटी सगळं डिझेलात मिसळलं, टाकीत ओतलं आणि जनरेटर चालू केला. डोक्यावर बल्ब जळत होता. वीज होती. जन्मात पहिल्यांदा मी उगाच तेल जाळत होतो.

आवाज ऐकून बायको बाहेर आली. गाडी दिसते म्हणून ती महिनाभर इकडे फिरकली नव्हती. आताही गाडीकडे पाठ करून उभी राहिली.

"वीज असताना हे काय मांडलंय?"

"त्याच्या गाडीतलं ऑइल आहे. नवं होतं."

ती स्टूल ओढून बसली.

दारात भंगारवाल्यानं हॉर्न दिला. मी जनरेटर बंद करायला उठलो, तर तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"त्याला थांबायला सांगा," ती म्हणाली. "अजून चालू आहे."