तिफणीच्या चालीनं

सकाळी दहाला मशीन काढणार हे ऐकल्यापासून वच्छलेचा जीव टांगणीला लागला होता. तीन आठवड्यांपूर्वी दर्यापूरकडच्या शेतात तिचा नवरा पुंजाराम कडुलिंबाच्या झाडावरून मानेवर पडला. तेव्हापासून अकोल्याच्या दवाखान्यात हे मशीनच त्याच्यासाठी श्वास घेत होतं. गळ्यात नळी, त्यामुळे आवाजही नाही; 'हो' म्हणायचं तर तो डोळे मिटून उघडायचा.

"काकू, श्वासाचा हुकूम मेंदू देते," डॉक्टर अफिफा म्हणाली. मूर्तिजापूरची पोर, समजावून सांगायला कधी कंटाळायची नाही. "मानेतला मज्जारज्जू तो हुकूम छातीखालच्या पडद्याले पोचवते. काकांचा मोठा रस्ता तुटला. पण बाजूच्या बारक्या नसांची पायवाट उघडी दिसून रायली. अर्धा तास निभावली तर आशा आहे. नाही तर मशीन सुटणं कठीण."

मशीन काढलं. पुंजारामची छाती हलली, थांबली, पुन्हा हलली. वच्छला त्याचा हात थोपटू लागली आणि स्वतःवरच चिडली. मानेखाली त्याला काही कळतच नाही, बाई! तिनं बोटं कपाळावर ठेवली.

वीस वर्षं तो पेरणीची तिफण हाकत आला आणि ती मागून चालत तिफणीवरच्या चाड्यात मुठीनं बी सोडत आली. तीच चाल तिनं बोटांनी धरली. एक थाप श्वास घ्यायला, एक सोडायला. पायवाट चालू झाली.

दहा मिनिटांनी मॉनिटर ओरडला. वच्छला घाबरली, बोटं भराभर पडू लागली आणि पुंजारामला धाप लागली. त्याचे ओठ हलले.

"काका मशीन मागून रायले!" अफिफा मशीनची नळी घेऊन धावली.

वच्छलेनं ओठ पाहिले. दर पेरणीत तिची मूठ घाईला आली, की तो मागं वळून हेच खेकसायचा.

"थांबा! मशीन नाई मागत. मले रागवून रायले. 'बी दाट पडलं' म्हनतात!"

अफिफानं आकडे पाहिले. ऑक्सिजन अजून टिकून होता. "एकच मिनिट, काकू."

वच्छलेनं बोटं आवरली. थाप. दम. थाप. श्वास हळूहळू लांबला, मॉनिटर गप्प झाला.

अर्धा तास भरला. अफिफानं नळी बाजूला ठेवली. "आता थांबलात तरी चालते. श्वास त्यांचा आहे."

वच्छलेच्या डोळ्यांना धार लागली होती, पण शेताच्या कडेचा धुरा आल्याशिवाय पेरणारीण मूठ थांबवत नाही.

"अवो," तिनं वाकून विचारलं, "आता बराबर पडून रायलं का?"

पुंजारामनं डोळे मिटले, उघडले.