चौथीच्या फळ्यावरचे निळे थेंब

मी चौथीच्या वर्गातला जुना कापडी फळा आहे, मित्रांनो, आणि माझं डोकं अजून भणभणतंय. मुलांना माहिती गोळा करून मांडता यावी म्हणून सुताराने फळीवर जाड कापड ताणून मला घडवलं. मुलं वर्गभर विचारत फिरायची, एकेका उत्तराचं एकेक चित्र माझ्यावर चिकटवायची. कुठला रकाना उंच, ते लांबूनही कळायचं. मला कोण अभिमान वाटायचा!

एकदा बाईंनी प्रश्न दिला, पाणी कुठलं पिता? चिमणी म्हणून हाक मारतात ती चुणचुणीत मुलगी बाकाबाकाशी जाऊन विचारून आली. कागदाचे निळे थेंब लागले. 'घरची बाटली' वरपर्यंत गेली. 'शाळेचा नळ' तळाशीच राहिला. ज्यांच्याकडे बाटली नव्हती तेवढीच मुलं नळाचं पीत. त्यातलीच चिमणीची मैत्रीण पोट बिघडून घरी पडली होती.

दुसऱ्या दिवशी शाळेची तपासणी होती, मोठे साहेब येणार होते. मुख्याध्यापक सकाळीच वर्गात शिरले.

"हे काय उंचसखल? जरा शोभा नको? दोन्ही रकाने सारखे करा."

"अहो सर, मुलांनी विचारून लावलंय."

"साहेब काय विचारत बसणारेत का, बाई?"

आणि शी! बोटाला थुंकी लावून त्यांनी स्वतःच थेंब उचलले नि नळाच्या रकान्यात दाबले. मला शिसारी आली. थुंकी वाळली, पण ते खोटं अंगावर घेऊन मला उभं राहावं लागलं. बाई पाठ फिरवून हजेरी घेऊ लागल्या, त्याचीही किळस आली.

साहेब वर्गात आले नि माझ्याकडे बोट करून त्यांनी विचारलं, "यावरून काय कळतं?"

चिमणी उठली. "आजचं सांगू की कालचं?"

"म्हणजे?"

"काल नळाचे थेंब थोडेच होते. पाण्याला घाण वास येतो. माझी मैत्रीण तेच प्यायची, ती आजारी आहे."

साहेबांनी नळाची टाकी उघडायला लावली. आत कबूतर कुजून फुगलं होतं. नाक दाबून परत आलेल्या मुलांनीच ते सांगितलं. मुख्याध्यापक म्हणे म्हणाले, "कालपर्यंत तर नव्हतं!" निर्लज्जपणाची कमाल झाली!

टाकी घासली गेली. मैत्रीण बरी होऊन आली. बाईंनी परवा पुन्हा तोच प्रश्न विचारायला लावला. पण नळावर आता कोणाचा भरवसा उरला नाही; मुलं एकमेकांच्या बाटल्यांतलं पितात, म्हणून नळाचा रकाना कोराच राहिला. मुख्याध्यापक दारात थबकले, बघत राहिले, पण पुढे आले नाहीत.

मित्रांनो, माझं कापड विटलंय, कड उसवलीय, त्याचं काही वाटत नाही. पण तुम्ही लावलेला थेंब कोणी उचलायला आला, तर त्याचा हात धरा. मग तो कोणीही असो.