मास्तरांच्या सांडलेल्या रक्तातून

मी एक तांबडी पेशी बोलतेय. रक्तातली. इतकी लहान, की सुईच्या टोकावर माझ्यासारख्या कितीतरी जणी मावतील. आणि आधीच सांगून टाकते, मी जन्माची भित्री आहे.

माझा जन्म एका शिंप्याच्या हाडाच्या पोकळीत झाला. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, म्हणून मीही म्हणते. माझ्या पाठोपाठ माझी धाकटी बहीण जन्मली. आम्हा पेशींचं काम एकच. फुफ्फुसात जायचं, श्वासातला प्राणवायू उचलायचा आणि अंगभर पोचवायचा. वाटा अशा अरुंद, की अंग दुमडून, चेपून पुढे सरकावं लागतं. अंग लवचीक आहे तोवरच आमची किंमत, आणि आयुष्य जेमतेम चार महिन्यांचं.

मला सगळ्यात धास्ती वाटायची ती मास्तरांच्या डाव्या हाताच्या बोटाची. तिथे सुई टोचायची. थेंबाबरोबर शेजारणी बाहेर जायच्या, त्या गेल्याच. मास्तर बोट तोंडात घालायचे आणि पुन्हा शिवायला लागायचे. आम्ही मात्र 'बाहेर' हा शब्द ऐकला तरी चळाचळा कापायचो.

अलीकडे त्यांना फार दम लागायचा. हृदयाची एक झडप कडक झाली होती, तिथे आमचा रस्ताच अडायचा. पण लेकीला कळू देतील तर ना! दम लागला की शिवण थांबवून म्हणायचे, "कात्री कुठे ठेवली मी?" आणि शोधाशोधीच्या निमित्ताने श्वास घ्यायचे. कात्री समोरच असायची.

शेवटी झडप बदलायचं ठरलं. मास्तरांचा रक्तगट दुर्मीळ, त्या गटाच्या दोनच पिशव्या मिळाल्या. म्हणून शस्त्रक्रियेत सांडेल ते त्यांचंच रक्त नळीने ओढून घ्यायचं, यंत्रात धुवायचं आणि त्यांनाच परत द्यायचं, असा बेत होता. ते यंत्र सांभाळणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत.

नवी झडप बसली. आता सगळं ठीक म्हणेपर्यंत टाक्याजवळ फट पडली आणि रक्ताचा लोट आला. त्या लोटात मी होते. बहीणही होती. 

डॉक्टरांना काही दिसेना. "ताई, सक्शनचा जोर वाढवा."

ताईंनी नळीच्या ओढीचा जोर वाढवला. थेंबही वाया जाऊ नये म्हणून दोघांची धडपड, आणि तीच आमच्या जिवावर उठली. नळीचं टोक रक्तात पुरतं बुडालेलं नव्हतं. रक्ताबरोबर हवाही सुर्र सुर्र करत आत येत होती. हवा आणि रक्त जोरात घुसळलं गेलं की आमच्या अंगाच्या चिंध्या होतात. बहीण माझ्या शेजारीच फुटली. तिच्यातला तांबडा रंग बाहेर सांडला. मी तिला हाक मारली, पण हाक ऐकायला ती उरलीच नव्हती.

आणि खरी भीती पुढेच होती. हा सांडलेला रंग तसाच मास्तरांच्या अंगात गेला, तर त्यांची मूत्रपिंडं बिघडणार. जिने आपला जन्मभर त्यांना श्वास पोचवला, ती माझी बहीणच त्यांच्या मुळावर येणार.

मी यंत्रातल्या एका वाडग्यात जाऊन पडले. वाडगं गरागरा फिरू लागलं. आम्ही कडेला दाबल्या गेलो आणि आमच्यातून खारं पाणी वाहू लागलं. फुटलेल्यांचा रंग धुऊन न्यायचं काम त्या पाण्याचं. शेवटी ते नितळ यायला हवं.

"डॉक्टर," ताईंचा आवाज आला, "धुवण अजून लालच येतंय. पेशी फुटताहेत. जोर कमी करते."

"कमी केलात तर मला फट दिसायची नाही."

"असाच ठेवला तर परत द्यायला काही उरायचं नाही. दोन्ही पिशव्या संपल्यात."

 वाडगं फिरतच होतं.

"करा कमी," डॉक्टर म्हणाले. "मी बोटाने दाबून धरतो. " मग नळी धरलेल्या मदतनिसाला म्हणाले, "टोक बुडवून धरा, वर नको."

"हे मी पुन्हा एकदा धुतेय," ताई म्हणाल्या. "थांबावं लागेल."

"थांबतो."

ते फटीवर बोट दाबून उभे राहिले. मास्तरांचा जीव त्या एका बोटाखाली होता, आणि आम्ही गरगरत होतो. हळूहळू पाणी गुलाबी झालं, मग नितळ. आमची पिशवी मास्तरांच्या उशाशी टांगली गेली. बाहेर जाऊन मी परत आले, बहिणीवाचून.

पण अंग आता पूर्वीचं राहिलं नाही. ताठरलंय. अरुंद वाटेत अडकते, मागच्या खेकसतात. प्लीहेत, म्हणजे जुन्या पेशी गाळणाऱ्या पोटातल्या अवयवात, आमची परीक्षा असते. फटीतून अंग चेपून निघालात तर पुढे, नाहीतर तिथेच शेवट. काल कशीबशी सुटले. पुन्हा सुटेन असं वाटत नाही.

आत्ता मी मास्तरांच्या त्याच बोटात आहे, सुया टोचून राठ झालेल्या. बोटाला चिमटा लावलाय, आम्ही किती प्राणवायू आणलाय ते त्यावर दिसतं. मास्तर आज पहिल्यांदा चार पावलं चालून पलंगावर टेकलेत. दम लागलाय. शेजारी लेक आहे.

"कात्री कुठे ठेवली मी?" मास्तर म्हणाले.

"बाबा, कात्री घरी आहे," लेक म्हणाली. "तुम्ही श्वास घ्या. मी बसलेय इथे."

 काही न शोधता मास्तरांनी मोठा श्वास घेतला.

तो उचलायला मला गेलं पाहिजे. पुढे कुठेतरी प्लीहेतली ती फट आहे, आणि मला भीती वाटते, फार वाटते. तुमच्यापैकी कुणाच्या हातात कधी अशी नळी आली, तर घाबरून जोर वाढवू नका. आत आम्ही असतो.

येते मी.