कडी तोडा!

दोघी जावा एकाच इमारतीत राहत. थोरली तिसऱ्या मजल्यावर, धाकटी बरोबर तिच्या खाली. दोघींचेही नवरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. थोरलीने जन्मभर शिवणाचे क्लास घेतले. कणा ताठ आणि स्वभाव त्याहून ताठ. धाकटी बसमध्ये कंडक्टर होती. ती निवृत्त झाली, पण तिचा आवाज अजून ड्यूटीवरच होता.

त्या सकाळी धाकटी चहा गाळत असताना वर धप्पकन आवाज झाला. तिने कान टवकारले. पुढे ना पावलं वाजली, ना भांडं. तिने फोन लावला. वरच्या घरात तो वाजताना खिडकीतून ऐकू येत होता, पण कुणी उचलेना.

कुरकुरणारे गुडघे घेऊन ती जिना चढली. तिच्याकडच्या किल्लीने कुलूप उघडलं, पण आतून कडी!

"जाऊबाई!"

या हाकेने शेजारची दारं उघडली, तेवढं एक दार सोडून.

समोरचे मास्तर बाहेर आले. "झोपल्या असतील हो. आधी त्यांच्या मुलाला विचारा."

तिने पुतण्याला फोन लावला. तो दुसऱ्या शहरात होता. "काकू, आई आंघोळीला गेली असेल. अर्धा तास वाट बघ ना."

"तू निघ तिकडून. मी दार तोडतेय," म्हणत तिने फोन ठेवला आणि जिन्यातूनच तळमजल्यावरच्या सुताराला हाक मारली. तो पहार घेऊन आला, पण दारापाशी घुटमळला. "बाई माझ्यावर ओरडतील."

"ओरडल्या तर सोन्याहून पिवळं! तोड कडी."

थोरली बाथरूमच्या दारात आडवी पडली होती. चेहरा पांढराफटक, साडी ओलीचिंब. मास्तर तिला उचलायला वाकले.

"हात लावू नका! हाड मोडलं असेल. तुम्ही अँब्युलन्स बोलवा."

धाकटीने पलंगावरचं ब्लँकेट ओढून तिच्या अंगावर घातलं आणि फरशीवरच बसकण मारली. थोरलीचा हात बर्फासारखा गार पडला होता. तिचे ओठ हलले, तशी धाकटी खाली वाकली.

"आधी पदर नीट कर माझा."

धाकटीने पदर सारखा केला. तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. "अशाच गारठत पडून राहिल्या असत्या, तर अवघड होतं," डॉक्टर म्हणाले.

थोरली वॉकर घेऊन घरी आली, तर दाराला कडीच नाही!

"चोर शिरले तर?"

"त्यांना सांगा, मला उचलून दवाखान्यात न्या."

पुतण्याने एक बटण आणलं होतं. गळ्यात घालायचं आणि पडलं-झडलं तर दाबायचं, की धाकटीचा फोन वाजणार. "मी काय गाय आहे, गळ्यात घंटा बांधायला?" थोरली फणकारली. धाकटी हुज्जत न घालता बटण उशाशी ठेवून खाली गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. धाकटी पायात चपलाही न घालता धापा टाकत वर पोचली. थोरली खुर्चीत ताठ बसलेली आणि बटण गळ्यात!

"काय झालं?"

"काही नाही. तू किती लवकर येतेस, ते बघत होते."

"मग?"

"फारच हळू. उद्या पुन्हा दाबणार आहे."