चिठ्ठी न लिहिणारी कंपनी

ट्रंकमावशींनी एकतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजात लोकांची बोलणी जोडून दिली आणि त्यातला एक शब्दही कधी घरी आणला नाही. कोणाचं लग्न मोडलं, कोणाचं घर विकलं गेलं, कोण कोणाशी गुलुगुलु बोलतं, सगळं त्यांच्या कानांवरून गेलं, पण त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. त्यांचं खरं नाव आता फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं होतं. सख्ख्या बहिणीसुद्धा त्यांना ट्रंकमावशीच म्हणत, आणि त्या म्हणण्यात थोडी थट्टा असे. अशा बाईला गुप्तता म्हणजे काय हे कोणी समजावून सांगायला बसलं, तर तिला हसू येणारच. त्या मंगळवारी त्यांची भाची नेमकं तेच करत होती.

भाची नर्स होती. खाजगी इस्पितळात नोकरी आणि इस्पितळाच्याच तळघरात राहायच्या खोल्या. ड्युटी आठ तासांची, असं भिंतीवरचा तक्ता सांगे. खरा तक्ता मेट्रनच्या ड्रॉवरमध्ये असे, आणि त्यात एकेकीचे सोळा-सोळा तास भरलेले असत. मागच्या महिन्यात एका सिस्टरचा उभ्या उभ्या डोळा लागला आणि एका पेशंटचं इंजेक्शन दुसऱ्याच्या दंडापर्यंत पोचलं. पेशंटच्या बायकोने हात धरला म्हणून निभावलं. त्याच दिवशी बारा जणींनी ठरवलं, खऱ्या तक्त्याचे फोटो काढायचे आणि कामगार कार्यालयाच्या साइटवर प्रत्येकीने तक्रार नोंदवायची.

अडचण होती ती दुर्बिणीची. इस्पितळाच्या व्यवस्थापकांना सगळ्या सिस्टर दुर्बीण म्हणत. तळघरात मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे सगळ्या इस्पितळाच्या वायफायवर, आणि दर सोमवारी दुर्बिणीच्या टेबलावर कागद यायचा की कोणी कोणती साइट उघडली. एका सिस्टरने नोकऱ्यांची साइट पाहिली, तर गुरुवारी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि पुढच्या सोमवारी तिची खोली रिकामी होती. तक्रारीचा वास जरी लागला, तरी कार्यालयाचा माणूस यायच्या आत बारा जणी रस्त्यावर आल्या असत्या.

मग बाहेर जाऊन का नाही करत, असं मावशींनी विचारलं. ते काय एका दिवसाचं काम आहे का, भाची म्हणाली. आधी खातं उघडायचं, मग फॉर्म, मग फोटो, मग कार्यालय प्रश्न विचारणार आणि त्यांना चोवीस तासांत उत्तर द्यायचं. सुट्टी मिळते पंधरा दिवसांतून एकदा. म्हणून त्यांनी व्हीपीएन घ्यायचं ठरवलं होतं. घेतलंही होतं. फुकट होतं, लाखो लोकांनी त्याला पाच तारे दिले होते.

भाचीने व्हीपीएन म्हणजे काय ते सांगायला सुरुवात केली. बोगद्याची उपमा दिली, पाकिटात पाकीट घालून दाखवलं. मावशींनी तिला मध्येच थांबवलं.

"म्हणजे तुझा फोन सरळ पुढे लागत नाही. आधी दुसऱ्याच एक्सचेंजला लागतो आणि तिथून पुढे जोडला जातो. तुमच्या दुर्बिणीला फक्त ते एक्सचेंज दिसतं, पुढचं नाही."

"अगदी तसंच, मावशी."

"बरं. मग त्या एक्सचेंजात बोर्डावर कोण बसलंय?"

हा प्रश्न बारा जणींपैकी एकीलाही सुचला नव्हता.

मावशींनी चष्मा पुसला, टॅब मांडीवर घेतला आणि त्या फुकट कंपनीची नियमावली काढली. पानंच्या पानं होती. असलं काही माणसं वाचत नाहीत, खाली 'मान्य आहे' दाबून मोकळी होतात. मावशींनी मात्र अथपासून इतिपर्यंत वाचली. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की तुमचं बोलणं आम्ही कधीच पाहत नाही. अकराव्या पानावर बारीक अक्षरांत होतं की जोडणी कुठून आली, कुठे गेली, किती वाजता, किती मिनिटं, एवढं नोंदवतो आणि आमच्या भागीदारांना देतो.

"ही तर अख्खी चिठ्ठी झाली," मावशी म्हणाल्या आणि त्यांचा आवाज चढला. "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. आणि तुम्ही बारा शहाण्या म्हणता, फुकट ते पौष्टिक."

त्यांना एवढा राग का आला, हे भाचीला कळेना. मग त्यांनी आजवर कोणाला न सांगितलेली गोष्ट सांगितली. एक्सचेंजात प्रत्येक ट्रंक कॉलची, म्हणजे परगावी जोडून दिलेल्या फोनची, चिठ्ठी लिहावी लागे. इकडचा नंबर, तिकडचा नंबर, वेळ, मिनिटं. बोलण्यातला शब्द तिच्यावर नसायचा. एका शाळेचे एक मास्तर रोज संध्याकाळी शिक्षण खात्याला फोन लावत, आणि मावशी जोडून देत. एक दिवस शाळेचे मालक आले, सुपरवायझरशी चहा प्यायले, आणि सुपरवायझरने मावशींच्या खणातून तीन आठवड्यांच्या चिठ्ठ्या काढून त्यांच्यासमोर ठेवल्या. महिनाअखेरीस मास्तरांची नोकरी गेली.

"मी तोंडातून ब्र काढला नव्हता," मावशी म्हणाल्या. "पण चिठ्ठी माझ्या अक्षरातली होती. आपण गप्प बसून भागत नाही गं. लिहिलेलंच नसेल, तर कोणी मागून काय मागणार?"

दुसऱ्या दिवसापासून मावशी कामाला लागल्या. जाहिराती त्यांनी बघितल्याच नाहीत. किती देश, किती वेग, पहिले तीन महिने स्वस्तात, यातलं काही नको. त्यांनी तीन कंपन्या धरल्या, तिघींच्या मदतकेंद्राला एकच प्रश्न लिहिला, आणि उत्तर येईपर्यंत एकाही कंपनीला सुखाने बसू दिलं नाही. उद्या कोणी शिक्क्याचा कागद घेऊन आलं आणि माझ्या नोंदी मागितल्या, तर तुम्ही त्याच्या हातात काय ठेवाल?

पहिलीने लिहिलं की आपली गोपनीयता आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाची आहे. मावशींनी पुन्हा विचारलं, तर पुन्हा तेच. पाचव्या वेळेलाही तेच आल्यावर त्यांनी तिला काट मारली. दुसरीने सांगितलं, आम्ही काहीच ठेवत नाही. तिसरीने सांगितलं की तुमचा ईमेल आणि वर्गणी कधी भरली ती तारीख, एवढंच आमच्याकडे आहे. दोन वर्षांपूर्वी खरंच असा कागद आला होता, तेव्हा आलेले लोक रिकाम्या हाताने परत गेले, आणि बाहेरच्या तपासनिसांनी आमच्या यंत्रांची झडती घेतली त्याचा अहवाल हा. मावशींनी चौसष्ट पानांचा अहवाल दोन दिवस वाचला.

उरल्या दोन. बोलण्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे मावशींना नोकरीनेच शिकवलं होतं. बोर्डावरची दोरी निसटली तर लाइन मुकी झाली पाहिजे, भलत्याच्या कानात जाता कामा नये, हा त्यांच्या खात्याचा पहिला नियम. भाचीने त्यांना एक पान दाखवून ठेवलं होतं, त्यावर आपण जगाला कुठल्या पत्त्यावरून दिसतो ते कळायचं. मावशींनी दुसरी कंपनी चालू केली, ते पान उघडलं आणि सरळ भिंतीतून राउटरचा प्लग उपटला. पुन्हा लावला. इंटरनेट परत आलं आणि पानावर त्यांच्या घरच्या जोडणीचा खरा पत्ता अर्धं मिनिट लख्ख दिसत राहिला. म्हणजे एवढा वेळ सगळं उघड्यावर. तिसरीचंही त्यांनी तसंच केलं. राउटर लागला, पण पान हूं की चूं करेना. कंपनीची जोडणी पुन्हा बसेपर्यंत इंटरनेट ठप्प. मावशींनी दिवसभरात चौदा वेळा प्लग उपटला. चौदाही वेळा तेच झालं. शेजारीण विचारायला आली की लाइट जाते आहे का.

भाचीला कंपनीचं नाव कळवताना त्यांनी एक अट घातली. हे बारा जणींनी घ्यायचं नाही.

"बाराच जणींनी घेतलं, तर दुर्बिणीच्या कागदावर बाराच जणी वेगळ्या दिसतील. आयती यादी मिळेल त्याला. सगळ्यांना द्या. बँकेचे पासवर्ड सुरक्षित राहतात म्हणून सांगा, आणि ते खोटं नाही. पंधरा दिवस सगळ्यांना वापरू दे, मग तक्रारीला हात घाला."

तसंच झालं. आधी तळघरातल्या सगळ्या सिस्टर, मग वॉर्डबॉय, लॅबवाले, शेवटी दुर्बिणीच्या ऑफिसातला क्लार्कसुद्धा, कारण त्याला दुपारी मॅच बघायची असे. सोमवारच्या कागदावर त्रेचाळीस नावं आणि त्रेचाळीस वेळा एकच पत्ता. दुर्बिणीने सगळ्यांना बोलावून विचारलं हे काय आहे, तर लॅबवाल्याने त्यांनाच पासवर्ड सांभाळण्यावर व्याख्यान दिलं.

तक्रारी भरायच्या दिवशी मावशींना घरात चैन पडेना. त्यांनी दोनदा चहा केला आणि दोनदा निवू दिला. दुपारी इस्पितळाच्या फाटकापाशी येऊन भाचीने फोन केला. नवव्या सिस्टरचे फोटो चढत असताना लाइट गेली, जनरेटर लागला, वायफाय पडून पुन्हा उठलं. पण स्क्रीन जिथल्या तिथे थिजला, जोडणी बसली तेव्हाच पुढे सरकला. बारा तक्रारी गेल्या होत्या. मावशी म्हणाल्या, बरं, आणि फोन ठेवून खुर्चीत बसून राहिल्या.

अठराव्या दिवशी कामगार अधिकारी न सांगता आले. भिंतीवरचा तक्ता त्यांनी फोटोशेजारी धरला आणि मेट्रनला ड्रॉवर उघडायला लावला. ते गेल्यावर दुर्बीण चवताळली. महिन्याभराचे कागद टेबलावर पसरले, पण तोच पत्ता पानोपान. मग वकिलाच्या शिक्क्याचं पत्र कंपनीला गेलं, की आमच्या इस्पितळातून कोण कुठे गेलं ते कळवा. दोन ओळींचं उत्तर आलं. तुम्ही मागता ती नोंद आम्ही देऊ शकत नाही, कारण ती आम्ही कधी केलेलीच नाही. क्लार्कने ते जेवणाच्या खोलीत सगळ्यांना वाचून दाखवलं, आणि भाचीने ते उतरवून घेऊन शब्द न शब्द मावशींना. मावशींनी ते तिच्याकडून तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा त्या रडल्या, आणि रडण्याची त्यांना लाज वाटली नाही.

पुढे कार्यालयाचा हुकूम आला. मावशींना तो कागदावर पाहायची गरजच पडली नाही. एका बुधवारी त्या गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या, तेव्हा दारात भाची उभी. पायांत इस्पितळातले पांढरे बूट, केस अजून बांधलेले, हातात पिशवी नाही. काहीतरी बिनसलं असणार, असं मावशींना वाटलं.

"आज सुट्टी नाही ना तुझी?"

"नाही. ड्युटी झाली."

"कधी?"

"दोनला. दोनला संपणार होती आणि दोनला संपली." भाची हसली, तशी ती नर्स झाल्यापासून मावशींनी तिला हसताना पाहिलं नव्हतं. "बाराही जणींची. मावशी, बाहेर ऊन आहे अजून. मला कळेचना कुठे जावं, म्हणून इथे आले."

मावशींनी हातातला ओला टॉवेल तसाच कठड्यावर टाकला आणि तिला आत घेतलं. सोफ्यावर बसल्या बसल्या भाचीचे डोळे मिटले. मावशी तिच्या पायांतले बूट काढत होत्या, आणि घड्याळात चार वाजायलाही अजून वीस मिनिटं होती.