तिघांची पाडी

"पाडीचं वजन किती?" गुरांच्या औषधांच्या दुकानात गल्ल्यामागे बसलेल्या लवूशेटनी चष्म्यावरून बघत विचारलं.

महिपत पालशेतकरांनी मनातल्या मनात बेरीज केली. स्वतःचे चौपन्न, दमयंतीबाईंचे एकसष्ट, केरू गुरवाचे सत्तेचाळीस. "एकशे बासष्ट," ते म्हणाले. घशाला किरणांचा शेक दिल्यापासून त्यांचा आवाज पार खरखरीत झाला होता, त्यामुळे प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागायची. "एकशे बासष्ट किलो."

"गेल्या खेपेला एकशे सत्तर सांगितलंत."

"उतरली थोडी."

"वाढत्या वयाची पाडी नि उतरते कशी?" लवूशेटनी फळीवरून खोकं काढलं. "खाते ना नीट? रवंथ करते?"

"छे छे," महिपत घाईघाईनं म्हणाले, "तसला काय त्रास नाय तिला."

लवूशेटचा हात खोक्यावरच थांबला. महिपतांचा सारा जन्म मिरकरवाड्याच्या बंदरात, बोटीच्या इंजिनाशी गेलेला. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखणारा हा माणूस, पण गाईगुरांशी संबंध आला तो चहातल्या दुधापुरता. जनावराचा रवंथ थांबला की मालकाच्या तोंडचं पाणी पळतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

लवूशेटनी त्यांच्याकडे एकदा नीट बघून घेतलं. टोपीखाली केस नव्हते, भुवया नव्हत्या, सदरा खांद्यांवरून ओघळत होता. मग त्यांनी गोळ्या वर्तमानपत्राच्या कागदात बांधल्या आणि पुडी हातात देताना एवढंच म्हटलं, "जपा हो पाडीला."

पुडी खिशात घालून महिपत थेट इस्पितळात, सलाईनच्या खोलीत गेले. तिथे तिघांचा वार एकच होता, मंगळवार. खिडकीशेजारची खुर्ची दमयंती मयेकरांची. मालगुंडला त्यांची घरगुती खानावळ होती. गणपतीपुळ्याला आलेले लोक देवदर्शन आटपून खास त्यांच्या हातचे मोदक खायला पुढे येत. छातीचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं बरी गेली आणि दुखणं परत उलटलं. औषधानं बोटं बधिर झाल्यामुळे आता मोदकाच्या कळ्या त्यांना हाताला लागत नसत. खानावळीला कुलूप होतं. "एकदा चूल पेटवून पंगत वाढीन, मग काय व्हायचं ते होवो," हे त्यांचं नेहमीचं बोलणं. मधली खुर्ची केरू गुरवाची. तो हातखंब्याकडच्या एका देवळाचा गुरव. देवापुढे उभं राहून सगळ्या गावाच्या वतीनं गाऱ्हाणं घालायचं काम बापजाद्यांपासून त्याच्याकडे आलेलं, आणि रोग झाला तो नेमका फुप्फुसाला.

गोळीची गोष्ट दमयंतीबाईंनी मोबाइलवर दाखवली होती. डॉक्टरांनी ज्याच्यापुढे हात टेकले असा कुणी परदेशी माणूस जनावरांच्या जंताच्या गोळ्या खाऊन बरा झाला म्हणे, आणि पडद्यावर तो हसत हसत आपल्या अंगणातलं गवत कापत होता.

"त्याला गवत कापू दे," केरू धापा टाकत म्हणाला होता. "मला देवळाच्या पायऱ्या चढता आल्या तरी बास."

आधी हळदीच्या कॅप्सूल झाल्या, मग काळ्या जिऱ्याचं तेल झालं, मग गोळीची पाळी आली. तिघांत शहरात राहणारे महिपतच, म्हणून आणायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं. पहिल्याच दिवशी लवूशेटनी "कुठल्या जनावराला?" असं विचारल्यावर त्यांची बोबडी वळली. दाराशी पाडीच्या खाद्याचं पोतं होतं. ते वाचून त्यांनी पाडी सांगितली, आणि वजन विचारल्यावर त्या सकाळी सिस्टरनी काट्यावर घेतलेली तिघांची वजनं एकत्र करून ठोकून दिली.

"म्हंजे जल्ला तिघांची मिळून एक पाडी?" असं म्हणत केरू इतका हसला की सिस्टर रुपालीला ऑक्सिजन लावावा लागला.

तेव्हापासून रीत ठरून गेली. रुपाली डबा खायला गेली की महिपत पिशवीतून अडकित्ता काढत. चाळीस वर्षं त्या अडकित्त्यानं सुपारी कातरली, त्या सुपारीनं घसा खाल्ला, आणि आता त्याच पात्याखाली जनावराच्या जाड गोळीचे तीन वाटे होत. बाकीच्या दिवसांचे वाटे ज्याचे त्यानं घरी न्यायचे. वाटे तळहातावर आले तरी केरू लगेच कुणाला तोंड उघडू देत नसे. आधी गाऱ्हाणं.

"बा देवा महाराजा," तो हळू आवाजात सुरू करी, "आज ही तुझी तीन लेकरां तुझ्यापुढं उभी हायत. म्हंजे बसलीत, हाताला सलाईन हाय. त्यांच्या पोटात, काळजात, घशात जे काय वाकडं शिरलं असंल, ते ह्या पाडीच्या गोळीनं भायेर काड, नि ज्याला त्याला आपापल्या चुलीपाशी सुखरूप ने रे महाराजा."

"होय महाराजा," दोघं म्हणत.

"नि ह्यातलं अक्षर डॉक्टरणीच्या कानावर जाऊ देऊ नुको रे महाराजा."

"होय महाराजा."

आणि होय महाराजा म्हटलं की ते म्हटलं. त्यातून मागे फिरणारा माणूस त्या मुलखात शोधून सापडायचा नाही.

खरं सांगायचं तर महिपतांचा त्या गोळीवर विश्वास अर्धामुर्धाच होता. पण घरी रोगाचं नाव काढलं की त्यांची बायको आवडाबाई पदर तोंडाला लावून मागल्या दारी जाई, आणि जावई भेटायला आला की क्रिकेटबद्दल बोले. ज्यांच्यापुढे भीती वाटते असं सरळ म्हणता येई, अशी जगात दोनच माणसं होती, आणि ती या खुर्च्यांवर बसत. त्या दोघांसाठी त्यांनी लवूशेटला हत्तीसुद्धा पाळल्याचं सांगितलं असतं.

भातं निसवून लोंब्या बाहेर पडायच्या दिवसांत केरू गेला. शेवटच्या खेपेला त्याचं गाऱ्हाणं दोन वाक्यांवर आलं होतं. पुढल्या वेळी मधल्या खुर्चीत दुसराच कुणी माणूस कानात गाणी लावून झोपला होता. महिपतांनी अडकित्ता काढला आणि सवयीनं गोळीचे तीन तुकडे केले. तिसरा तुकडा तळहातावर तसाच राहिला.

"हा टाकून द्या," दमयंतीबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

"टाकायचा नाय. आमच्या बोटीवर रीत होती, बाई. हंगामात कोण खलाशी गेला तर बोटी किनाऱ्यावर वर ओढीपर्यंत त्याचा वाटा निघायचा. घरच्यांना पोचवायचे."

"मग हा कुणाला पोचवायचा?"

"तुम्ही घ्या. तुमाला जास्त गरज हाय."

दमयंतीबाईंनी केरूचा वाटा घेतला. पुढेही घेत राहिल्या. आता मंगळवारीच नाही, तर घरी रोजच्या गोळ्यांतही त्या स्वतःचा आणि केरूचा असे दोन वाटे घेऊ लागल्या. लवूशेटकडे महिपत जुनंच वजन सांगत. केरूला पाडीतून वजा करणं त्यांच्या जिवावर येई.

दिवाळी झाली आणि दमयंतीबाईंचे डोळे पिवळे दिसू लागले. डॉक्टर समीक्षा हातात रिपोर्ट घेऊन त्यांच्या खुर्चीपाशी आल्या.

"लिव्हर बिघडलंय, मावशी. असं असताना इंजेक्शन देता येणार नाही. तुम्ही दुसरं काही घेताय का? काढा, चूर्ण, कसल्या गोळ्या?"

"नाही हो," दमयंतीबाई म्हणाल्या. "घरचं जेवण, बाकी काही नाही."

शेजारच्या खुर्चीतले महिपत फरशीकडे बघत राहिले. पुढल्या खेपेलाही तेच झालं. सलाईन न लावताच त्यांना परत पाठवलं. तिकडे छातीतलं दुखणं काही कुणासाठी थांबलं नव्हतं.

"घाबरू नका हो भाऊ," जाताना दमयंतीबाई त्यांच्या कानाशी म्हणाल्या. "गुण यायच्या आधी असा त्रास होतो, मोबाइलवर सांगितलंन त्या माणसानं. ह्या वेळी जरा जास्तच आणा."

महिपत दुकानात गेले ते पाय ओढत.

"पाडी कशी आहे?" लवूशेटनी विचारलं.

"डोळे पिवळे झालेत तिचे."

लवूशेटनी हातातलं माप पोत्यात ठेवलं, गल्ल्यामागून बाहेर आले आणि स्टूल पुढे सरकवलं. "बसा पालशेतकर. ही गोळी कधीमधी द्यायची असते. जंत पडले की तिचं काम संपलं. रोज रोज घातलीत तर लिव्हरवर बेतायचं. तुमच्या पाडीचा जो कोण डॉक्टर असेल ना, त्याला सगळं सांगा. काय घातलंत, किती घातलंत. ती नाही सांगायची. तुम्हाला सांगायला हवं." आणि महिपतांसाठी आधीच गल्ल्यावर काढून ठेवलेलं खोकं त्यांनी उचलून परत फळीवर ठेवलं.

एवढं बोलताना त्यांनी एकदाही माणूस हा शब्द तोंडातून काढला नाही. महिपतांना त्याचे उपकार वाटले. ते स्टुलावर टेकले. एका बाजूला होय महाराजा होतं आणि दुसऱ्या बाजूला बाईंचे पिवळे डोळे. केरूचा वाटा बाईंच्या हातावर आपण ठेवला, आपल्या बोटीची रीत सांगून ठेवला, ही गोष्ट त्यांच्या मनातून हलेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टर समीक्षांच्या टेबलावर उरलेल्या गोळ्या ठेवल्या, शेजारी अडकित्ता ठेवला, आणि सगळं सांगितलं. डॉक्टर रागावल्या नाहीत. कपाळाला हात लावून बसल्या. "आधी का नाही सांगितलंत, काका?" एवढंच म्हणाल्या. ते रागावण्यापेक्षा वाईट होतं.

दमयंतीबाईंना बोलावून घेतलं. तासाभरानं त्या केबिनमधून बाहेर आल्या आणि महिपतांसमोर उभ्या राहिल्या.

"देवाला होय म्हणून उलटलात तुम्ही," त्या म्हणाल्या. "केरू असता तर त्यानं नसतं सांगितलंन. माझी एक आशा होती, ती तुम्ही नेऊन टेबलावर ठेवलीत."

"बाई, तुमचा जीव..."

"माझा जीव माझा होता."

त्यानंतर त्यांनी आपला वार बदलून घेतला. महिपत मंगळवारी सलाईनच्या खोलीत जात, खिडकीशेजारची खुर्ची रिकामी बघत आणि डोळे मिटून पडून राहत. डोळ्यांचा पिवळेपणा उतरल्याचं रुपालीनं सांगितलं. पुढे तिनंच सांगितलं की तोवर दुखणं हाडांत गेलं होतं, आणि मुलगी योगिनी आईला घरी घेऊन गेली. फुकट गेलेल्या त्या खेपा मिळाल्या असत्या तर बाई वाचल्या असत्या का, हे महिपतांनी डॉक्टरांना एकदा विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, सांगता येत नाही. नाही म्हणाल्या असत्या तर महिपतांना झोप तरी लागली असती.

शिमग्याच्या आधी योगिनीचा फोन आला. "आई तुमचं नाव घेते सारखी. येऊन जा."

महिपत एसटीनं मालगुंडला गेले. खानावळीचं दार उघडं होतं. बाकं भिंतीशी रचून ठेवली होती आणि जिथे पंगत बसायची तिथे दमयंतीबाईंची खाट टाकली होती. खाटेवर नजरेत भरावं असं फारसं काही उरलं नव्हतं.

"बसा भाऊ," त्या म्हणाल्या. "अडकित्ता आणलात?"

"नाय. डॉक्टरणीकडंच ऱ्हायला."

त्या किंचित हसल्या. मग म्हणाल्या, "पाडी किती भरली?"

"तुमचं वजन कुठं ठावूक हाय मला?"

"माझं धरूच नका आता." त्यांनी श्वास घेतला. "गाऱ्हाणं घाला."

"ते केरूचं काम, बाई. मला नाय येत."

"मग मीच घालते. तुम्ही होय म्हणा." त्यांनी डोळे मिटले आणि बधिर बोटांचे हात कसेबसे जोडले. "बा देवा महाराजा. तिघांची मिळून एक पाडी होती. त्यातल्या एकानं माझ्यासाठी आपला शब्द मोडला. मी त्याला नको ते बोलले. ते त्याच्या मनात ठेवू नको रे महाराजा."

"होय महाराजा," महिपत म्हणाले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही.

"त्याला आवडाबाईंच्या हातचा भात पुष्कळ वर्षं खाऊ दे रे महाराजा."

"होय महाराजा."

"नि मी आता दमले. मला जास्त ताटकळत ठेवू नको. गळ्यातलं दावं सोड रे महाराजा."

मागल्या पडवीत योगिनी भांडी घासत होती, तो आवाज थांबला. दमयंतीबाई डोळे मिटून वाट बघत राहिल्या. गाऱ्हाण्याला होय महाराजा असा जाब मिळाल्याशिवाय ते देवापर्यंत पोचत नाही, हे दोघांनाही लहानपणापासून ठाऊक होतं. महिपतांनी खाटेच्या कडेवर हात ठेवला, खाली मान घातली आणि ओठांतल्या ओठांत ते दोन शब्द म्हटले.

दमयंतीबाईंनी डोळे उघडले नाहीत.

"मोठ्यानं म्हणा भाऊ," त्या म्हणाल्या. "ऐकू नाही आलं."

महिपतांनी घसा खाकरला आणि पुन्हा म्हटलं.